नोशनमधील स्वतःचे वेळापत्रक : आपोआप उगवणारे की रोज हाताने मांडलेले?

प्रहर (धागाकर्ता)

गेले दीड वर्ष मी माझे रोजचे वेळापत्रक नोशन या टिपणे व तक्ते ठेवण्याच्या ॲपमध्ये ठेवत आहे. या काळात ते तीनदा मोडले आणि पुन्हा बांधले. सध्याचे चौथे रूप पाच महिने टिकले आहे. ते का टिकले असावे, याविषयी माझे एक मत तयार झाले आहे. ज्यांनी स्वतः असे काही बांधले आहे त्यांच्यासमोर ते तपासणीसाठी ठेवतो.

आधी रचना सांगतो. नोशनमधला डेटाबेस म्हणजे एक तक्ताच, पण त्यातली प्रत्येक ओळ उघडली की आत लिहायला पूर्ण पान असते. ज्यांनी हे ॲप वापरलेले नाही त्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुढचे समजेल. माझा तक्ता एकच आहे आणि त्यात पाचच रकाने आहेत : कामाचे नाव, तारीख, खण, अंदाजे मिनिटे आणि काम झाल्यावर खूण करायची चौकट. 'खण' हा सिलेक्ट प्रकारचा (ठरलेल्या यादीतून एक पर्याय निवडायचा) रकाना असून त्यात सहा पर्याय आहेत : पहाट, सकाळ, मध्यान्ह, दुपार, संध्याकाळ आणि रात्र. सिलेक्टवर क्रम लावला की पर्याय वर्णानुक्रमाने न येता आपण ज्या क्रमाने मांडून ठेवले असतील त्याच क्रमाने येतात, त्यामुळे पहाट वर आणि रात्र खाली ही मांडणी वेगळे काही न करता मिळते.

घड्याळाची वेळ मी मुद्दाम ठेवलेली नाही. पहिल्या रूपात ती होती. सव्वानऊचे काम दहाला सुरू झाले की खालच्या सगळ्या वेळा खोट्या पडत, मग त्या दुरुस्त करत बसण्यात आणखी दहा मिनिटे जात, आणि दुपारपर्यंत वेळापत्रक व दिवस यांचा एकमेकांशी काहीही संबंध उरत नसे. खणाच्या आत कामे पुढेमागे झाली तरी खण खोटा ठरत नाही.

मुख्य पानावर याच तक्त्याचे दोन व्ह्यू, म्हणजे तोच तक्ता पाहण्याच्या दोन रीती, आहेत. पहिल्याला 'तारीख आज' असा फिल्टर आहे. हा 'आज' सापेक्ष असल्यामुळे रोज आपला आपण पुढे सरकतो. दुसरा व्ह्यू कॅलेंडरचा आहे, आणि त्यात एखादी ओळ बुधवारवरून उचलून शुक्रवारवर सोडली की तिच्या रकान्यातली तारीखही बदलते. नवख्या माणसाचा येथे हमखास गोंधळ होतो, म्हणून सांगतो : व्ह्यू ही प्रत नव्हे. एका व्ह्यूमध्ये ओळ पुसली की ती सगळीकडून जाते.

आता मूळ मुद्दा. तिसऱ्या रूपात मी टेम्प्लेटना (ओळीच्या तयार नमुन्यांना) 'रिपीट' लावले होते. नोशनमध्ये एखाद्या टेम्प्लेटला रोज, आठवड्याने, महिन्याने किंवा वर्षाने आपोआप नवी ओळ तयार करायला सांगता येते. मी अशी अकरा टेम्प्लेट केली : वाचन, व्यायाम, टपाल पाहणे, हिशेब वगैरे. रोज पहाटे अकरा ओळी तयार असत आणि मला फार बरे वाटे. मग मी तेरा दिवस आजारी पडलो. चौदाव्या दिवशी ॲप उघडले तर न झालेल्या कामांच्या १४३ ओळी माझी वाट पाहत होत्या. मी चिडून सगळ्या एकदम निवडल्या आणि पुसून टाकल्या. त्यांत ज्या तीन ओळींच्या आत खरोखरीची टिपणे होती त्याही गेल्या. कचऱ्याच्या डब्यात त्या तीस दिवस राहतात म्हणून परत मिळाल्या. अन्यथा तो माझ्याच उतावीळपणाचा धडा ठरला असता.

चौथ्या रूपात मी सगळी 'रिपीट' काढून टाकली आणि पानाच्या माथ्यावर एकच बटण ठेवले : 'दिवस मांडा'. ते दाबले की नेहमीच्या ओळी आजच्या तारखेने तक्त्यात येतात. न दाबले तर काहीही होत नाही. माझे म्हणणे इतकेच की वेळापत्रक आपोआप तयार होता कामा नये. माणूस उठून बसला आहे आणि आजचा दिवस चालवण्याची त्याची इच्छा आहे, याची नोंद त्या एका दाबण्यात होते. यंत्राने ती परस्पर गृहीत धरली की साचलेली थकबाकी आपल्या माथी येते.


टाचणी

रचना आवडली, निष्कर्ष मात्र पटला नाही. ॲप वापरायचे ते आपल्या विसराळूपणावर इलाज म्हणून. तुम्ही तर विसरू शकणाऱ्या माणसाच्या हातातच किल्ली दिली आहे. मी असे बटण ठेवले असते तर चौथ्या दिवशी ते दाबायचे राहिले असते, सहाव्या दिवशी लक्षात आले असते आणि दहाव्या दिवशी ते पान उघडण्याचीच लाज वाटली असती. तुमची अडचण १४३ ओळींची होती. त्या आपोआप तयार झाल्या हे मला दुय्यम वाटते. मुळात रोज अकरा ओळी होत्या, हे अधिक महत्त्वाचे. व्यायामासाठी रोज स्वतंत्र ओळ कशाला लागते? तिच्या आत तुम्ही काय लिहिता?

शिवाय ज्याची वेळ दुसऱ्याने ठरवली आहे अशा गोष्टींचे काय करता? साडेतीनची बैठक 'दुपार' या खणात टाकून भागत नाही. बैठक माझ्या खणाला जुमानत नाही.


घटिका

टाचणी यांनी विचारलेल्या 'रोज स्वतंत्र ओळ कशाला' या प्रश्नातच या धाग्याचे बरेचसे उत्तर आहे, असे मला वाटते. थोडे खोलात जातो.

कॅलेंडरची ॲप आणि नोशनसारखी कामाची जागा पुरवणारी ॲप, ही दोन्ही पुनरावृत्ती दाखवतात, पण ती साठवण्याची त्यांची पद्धत अगदी वेगळी आहे. बहुतेक कॅलेंडरे परस्परांशी आय-कॅलेंडर या मानकाने बोलतात. ते मानक १९९८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि २००९ मध्ये आरएफसी ५५४५ या रूपाने नव्याने मांडले गेले. त्यात 'दर मंगळवारी व गुरुवारी सकाळी नऊ वाजता' ही गोष्ट एकदाच, एका नियमाच्या रूपात लिहिलेली असते. पुढच्या वर्षीचा मार्च उघडून पाहिलात तर तेथे दिसणारे मंगळवार कोठेही साठवलेले नसतात. पाहण्याच्या क्षणी नियमावरून त्यांची मांडणी होते. एखादा मंगळवार वगळला तर नियमाशेजारी 'ही तारीख सोडून' अशी अपवादाची नोंद जोडली जाते. मागचे मंगळवार पाळले गेले की नाही, याचे त्या नियमाला सोयरसुतक नसते. म्हणूनच तेरा दिवस आजारी पडून उठलेल्या माणसाला कॅलेंडर कसलीही थकबाकी दाखवत नाही.

नोशनमध्ये नियमाचे काम इतकेच असते की ठरल्या वेळी तक्त्यात एक खरी ओळ टाकायची. टाकून झाली की ती ओळ स्वतंत्र. तिचा नियमाशी संबंध संपला. उद्या टेम्प्लेट बदलले तरी कालच्या ओळी तशाच राहतात. हा दोष आहे असे मी म्हणणार नाही, कारण याच गुणामुळे प्रत्येक ओळीच्या आत टिपण लिहिता येते, तिला खूण करता येते आणि महिनाअखेरीस मोजदाद करता येते. मात्र त्याची किंमत म्हणून प्रत्येक ओळ निस्तरावी लागते.

त्यामुळे माझी वाटणी अशी आहे. ज्या गोष्टीची मागची नोंद मला कधीही लागणार नाही ती कॅलेंडरमध्ये नियम म्हणून ठेवावी, आणि जिची नोंद लागणार आहे तिलाच तक्त्यात ओळ द्यावी. व्यायाम केला की नाही एवढेच हवे असेल तर त्याला ओळ देणे हा अपव्यय आहे. कोणता व्यायाम, किती वेळ, गुडघा दुखला का, हे लिहिणार असाल तर ओळ योग्य.

जाता जाता एक गोष्ट. कॅलेंडरचा नियम वेळक्षेत्राच्या नावासह लिहिलेला असतो, त्यामुळे जेथे वर्षातून दोनदा घड्याळे तासाने पुढेमागे केली जातात तेथेही 'सकाळी नऊ' हे तिथल्या घड्याळाचे नऊच राहतात. वेगवेगळ्या देशांतल्या लोकांबरोबर ठरलेल्या बैठका तक्त्यात हाताने उतरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. वर्षातून दोनदा त्यांची फजिती ठरलेली आहे.


प्रहर (धागाकर्ता)

टाचणी, घटिका, दोघांचेही आभार. बैठकींबद्दल सांगायचे राहून गेले होते. त्या माझ्या तक्त्यात नसतातच, त्या गूगल कॅलेंडरमध्ये असतात. क्रॉन नावाचे कॅलेंडर ॲप नोशनने २०२२ मध्ये विकत घेतले आणि जानेवारी २०२४ मध्ये ते नोशन कॅलेंडर या नावाने आणले. त्यात गूगलवरच्या बैठका आणि नोशनच्या तक्त्यातल्या तारखा एका पडद्यावर दिसतात. माझ्या ओळींना नुसती तारीख असते, वेळ नसते, म्हणून त्या वरच्या 'दिवसभर' या पट्टीत रांगेने बसतात आणि बैठका खाली आपापल्या तासांवर. सकाळी एक नजर टाकली की कोणत्या खणात मोकळी जागा कमी आहे ते कळते. दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात, पण एकमेकींत मिसळत नाहीत. बैठकीची तक्त्यात ओळ होत नाही, आणि ते मला बरेच वाटते.

घटिका यांची कसोटी मी काल रात्री माझ्या अकरा ओळींना लावून पाहिली. पाच गळाल्या. टपाल पाहणे या ओळीच्या आत पाच महिन्यांत मी एक अक्षरही लिहिलेले नव्हते.


रिकामा रकाना

मी या ॲपमध्ये नवीन आहे आणि माझी अवस्था वर लिहिणाऱ्या सगळ्यांच्या उलट आहे. मी एक तयार टेम्प्लेट उचलले, त्यात प्राधान्य, ऊर्जा, प्रकल्प, क्षेत्र, उद्दिष्ट, मनःस्थिती असे मिळून सतरा रकाने आहेत. ओळ भरायलाच इतका वेळ जातो की काम सुरू करायच्या आधीच मी दमते. कोणते रकाने काढावेत हे ठरवता येत नाही, कारण प्रत्येकाकडे पाहिले की 'हा पुढे उपयोगी पडेल' असे वाटते.

दुसरा प्रश्न तांत्रिक आहे. मी तारखेच्या रकान्यात सुरुवात आणि शेवट अशा दोन्ही वेळा भरते आणि त्यावरून मिनिटे काढायला फॉर्म्युला लिहिला आहे. ४५ यायला हवेत तेथे उणे ४५ येतात. चूक सापडत नाही.


उंबरठा

आधी सोपे उत्तर. 'डेटबिटवीन' हे फंक्शन पहिल्या तारखेतून दुसरी वजा करते. तुम्ही वाचण्याच्या ओघात आधी सुरुवात आणि मग शेवट दिला असणार. क्रम उलटा करा : आधी 'डेटएन्ड', मग 'डेटस्टार्ट', आणि शेवटी एकक म्हणून मिनिटे. उणे चिन्ह जाईल. हा क्रम मीही दोनदा चुकलो आहे.

सतरा रकान्यांविषयी. रकाना म्हणजे प्रत्येक ओळीमागे स्वतःला विचारलेला एक प्रश्न. दिवसाला आठ ओळी धरल्या तर तुम्ही स्वतःला रोज १३६ प्रश्न विचारत आहात. त्यामुळे 'पुढे उपयोगी पडेल का' असे विचारू नका. 'गेल्या महिन्यात या रकान्यावर मी एकदा तरी फिल्टर लावला, क्रम लावला किंवा बेरीज केली का' असे विचारा. उत्तर नाही असेल तर तो रकाना तुम्ही भरत आहात, वापरत नाही. लगेच पुसण्याचे धाडस होत नसेल तर व्ह्यूमध्ये तो लपवा. लपवलेल्या रकान्यातली माहिती जात नाही, आणि तीन आठवड्यांत त्याची आठवणही आली नाही की पुसताना हात थरथरत नाही.

तयार टेम्प्लेटविषयी माझे मत जरा कडवट आहे. ते ज्याने बांधले त्याच्या दिवसाचे ते माप असते. त्यातली एखादी युक्ती उचलावी, सगळा अंगरखा उचलू नये. रिकाम्या तक्त्यापासून सुरुवात करून, खोळंबा झाला तरच एक रकाना वाढवावा. 'मनःस्थिती' हा रकाना तर भरताना माणूस खरे लिहीत नाही असा माझा अनुभव आहे. निदान मी तरी सोमवारी सकाळी 'उत्तम' लिहीत असे.


पानगळ

धागाकर्त्यांच्या पाच रकान्यांपैकी 'अंदाजे मिनिटे' या रकान्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. माझ्या मते सगळ्यांत मोलाचा आणि सगळ्यांत फसवा रकाना तोच आहे. अंदाज लिहिता, पण प्रत्यक्षात किती मिनिटे लागली ते कोठे लिहिता?

आपण स्वतःच्या कामाला लागणारा वेळ पद्धतशीरपणे कमी धरतो. डॅनियल काहनमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले. पुढे १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो किती दिवसांत पुरा होईल असे विचारले. त्यांचा सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा होता, प्रत्यक्षात सरासरी ५५.५ दिवस लागले. 'सगळे शक्य तितके वाईट घडले तर किती' असेही त्यांना विचारले होते, आणि त्या वाईटात वाईट अंदाजाची सरासरीही ४८.६ दिवसांवरच थांबली होती. हा आकडा वाचल्यापासून मी 'थोडे जास्तीचे धरून ठेवू' या उपायावर विश्वास ठेवणे सोडले, कारण जास्तीचे धरणाराही तोच माणूस असतो.

त्यावर नोशनमध्ये मी पुढीलप्रमाणे तोडगा काढला आहे. रोजच्या ओळींच्या तक्त्याशेजारी 'कामाचा प्रकार' असा दुसरा, छोटा तक्ता ठेवला. त्यात दहाबाराच ओळी आहेत : पत्रोत्तर, मसुदा, मसुद्याची दुरुस्ती, तपासणी, अभ्यास इत्यादी. रोजची प्रत्येक ओळ रिलेशनने (दोन तक्त्यांतल्या ओळी जोडणाऱ्या रकान्याने) यांपैकी एका प्रकाराला जोडलेली असते. रोजच्या तक्त्यात 'प्रत्यक्ष मिनिटे' हा रकाना आहे, आणि प्रकारांच्या तक्त्यात रोलअप (जोडलेल्या ओळींतले आकडे एकत्र करणारा रकाना) लावून त्या मिनिटांची सरासरी घेतली आहे. काम मांडताना हा छोटा तक्ता शेजारी उघडा ठेवते. 'मसुदा' या प्रकारासाठी मी महिनोन्‌महिने ६० मिनिटे लिहीत होते. सरासरी १०५ निघाली. पहिल्यांदा वाटले की हे चार वाईट दिवसांमुळे असेल, म्हणून त्या प्रकाराचे पान उघडून जोडलेल्या सगळ्या ओळी पाहिल्या. साठ मिनिटांत झालेला मसुदा त्यांत एकही नव्हता.

प्रत्यक्ष मिनिटे भरण्याचा कंटाळा येतो हे मान्य. मी तीही सगळ्या ओळींची भरत नाही, फक्त ज्यांचा अंदाज अर्ध्या तासाहून अधिक आहे त्यांचीच भरते. एक सावधगिरी मात्र बाळगावी : रोलअप आणि गुंतागुंतीचे फॉर्म्युले यांवर फिल्टर किंवा क्रम लावला की ओळी वाढल्यावर पान उघडायला वेळ घेऊ लागते. सरासरी पाहण्यासाठी ठेवावी, गाळण्यासाठी वापरू नये.


शून्यप्रहर

सहा खणांवरून एक जुनी गोष्ट आठवली. बेंजामिन फ्रँकलिन यांनी आत्मचरित्रात आपल्या दिवसाचा तक्ता दिला आहे. पहाटे पाचला उठण्यापासून रात्री दहाला झोपण्यापर्यंत त्यांनी चोवीस तासांचे मोजकेच मोठे तुकडे पाडले होते. कामासाठी आठ ते बारा आणि दोन ते सहा असे दोन, मध्ये वाचन, हिशेब आणि जेवण यांसाठी दोन तास, आणि बाकीचे सकाळ-संध्याकाळ-रात्रीचे. म्हणजे धागाकर्त्यांचे खण आणि त्यांचे खण यांत फारसा फरक नाही. त्याच ठिकाणी त्यांनी हेही मान्य केले आहे की सर्व गुणांमध्ये 'व्यवस्थितपणा' हाच गुण त्यांना सर्वाधिक जड गेला, आणि दुसऱ्यांच्या वेळेनुसार ज्याला भेटीगाठी कराव्या लागतात त्याला असा तक्ता तंतोतंत पाळणे कठीण जाते. टाचणी यांच्या साडेतीनच्या बैठकीची तक्रार तेव्हाही होतीच.

मी स्वतः नोशन सोडून ऑब्सिडियन या टिपणांच्या ॲपमध्ये आलो. तेथे रोजच्या नोंदीसाठी एक साधी मजकुराची फाइल उघडते आणि ती माझ्याच संगणकावर राहते. टेम्प्लेटमध्ये सहा शीर्षके आहेत, त्यांखाली मी कामे लिहितो. पानगळ यांच्यासारखी सरासरी मला अशी सहज काढता येत नाही, हे खरे. पण धागाकर्त्यांच्या प्रश्नापुरते पाहिले तर येथे आजची फाइल मी उघडेन तेव्हाच तयार होते. उघडली नाही तर त्या दिवसाची फाइलच नसते. म्हणजे बटण न ठेवताही बटणाचाच परिणाम साधतो.


टाचणी

घटिका यांचे विवेचन वाचल्यावर मी माझा आक्षेप थोडा सुधारून मांडते. मी अजूनही म्हणेन की केवळ बटण पुरेसे नाही, पण अकरा आपोआप ओळीही नकोत. मग मधला मार्ग असा : एकच टेम्प्लेट रोज आपोआप तयार होऊ द्यावे, त्याचे नाव 'आजचा दिवस', आणि त्याच्या पानाच्या आत ते बटण ठेवावे. तेरा दिवस आजारी पडलात तर १४३ ऐवजी तेरा ओळी साचतील, आणि त्या तेरा ओळी खोट्याही नसतील. तेरा दिवस खरोखरच मांडले गेले नव्हते, एवढेच त्या सांगतील.


घटिका

टाचणी यांचा मार्ग चालेल, पण त्या एका ओळीलाही मीच मांडलेली कसोटी लावावी लागेल. 'आज बटण दाबायचे आहे' या आठवणीची मागची नोंद कोणाला हवी आहे? कोणालाच नाही. मग ती नियमाच्या रूपात कॅलेंडरमध्येच असावी. रोज सकाळी आठ वाजता 'दिवस मांडा' अशी पाच मिनिटांची पुनरावृत्त नोंद कॅलेंडरमध्ये ठेवा, तिच्या वर्णनात नोशनच्या त्या पानाचा दुवा चिकटवा आणि फोनवर सूचना लावा. सूचना येईल, दुव्यावरून पान उघडेल, बटण तुम्ही दाबाल. आठवण यंत्राने करून द्यावी, मांडणी माणसाने करावी. आजारी पडलात तर सूचना येऊन निघून जाईल आणि मागे काहीही उरणार नाही.


प्रहर (धागाकर्ता)

तीन आठवडे घटिका यांच्या सूचनेप्रमाणे चालवून पाहिले, आता हिशेब देतो. २१ पैकी १८ दिवस बटण दाबले गेले. राहिलेल्या तीन दिवसांपैकी दोन दिवस प्रवासात होतो आणि एका दिवशी सूचना आली तेव्हा फोनवर बोलत होतो. ती बाजूला सारली आणि मग रात्रीच आठवले. टाचणी यांनी वर्तवलेली लाज त्या दिवशी थोडी वाटली, हे कबूल करतो. सूचना आता आठला आणि पुन्हा साडेनऊला अशी दोनदा लावली आहे.

पानगळ यांचा 'प्रत्यक्ष मिनिटे' हा रकाना जोडला. म्हणजे पाचाचे सहा झाले. उंबरठा यांच्या कसोटीला तो उतरतो की नाही ते महिन्याने पाहीन. दुसरा तक्ता मात्र अजून केलेला नाही. मी सध्या प्रत्येक खणाखाली अंदाजांची आणि प्रत्यक्ष मिनिटांची बेरीज दाखवतो. व्ह्यूमध्ये ओळींचे खणाप्रमाणे गट पाडले की गटागटाखाली बेरीज मिळते. 'मध्यान्ह' या खणात मी रोज साधारण २०० मिनिटांची कामे भरतो असे दिसले, आणि तो खण १२० मिनिटांचा आहे. हे पाच महिने माझ्या डोळ्यांसमोर होते.

एक नवी अडचण मात्र निघाली आहे, आणि तिच्यावर मला उत्तर हवे आहे. 'रात्र' या खणातले काम कधी कधी बारानंतर चालते. बारा वाजले की 'तारीख आज' हा फिल्टर पुढच्या दिवसावर जातो आणि हातात असलेली ओळ डोळ्यांसमोरून नाहीशी होते. खूण करायला कॅलेंडर व्ह्यू उघडून कालच्या दिवसात ती शोधावी लागते.


उंबरठा

फिल्टर दोन गटांचा करा आणि त्यांच्यामध्ये 'किंवा' ठेवा. पहिला गट : तारीख आज. दुसरा गट : तारीख काल, आणि खण 'रात्र', आणि चौकट रिकामी. तिसरी अट विसरू नका, नाही तर काल रात्री पुरी झालेली कामेही दिवसभर समोर राहतील.


टाचणी

असे केले तर कालच्या रात्रीचे राहून गेलेले काम आज दिवसभर यादीत दिसत राहील. क्रम खणाप्रमाणे असल्यामुळे ते आजच्या 'रात्र' या गटात जाऊन बसेल आणि आजचेच वाटेल. निदान तारखेचा रकाना त्या व्ह्यूमध्ये दिसता ठेवा.


प्रहर (धागाकर्ता)

दोन्ही केले. काल रात्री साडेबाराला ओळ जागेवर होती, तिच्यापुढे कालची तारीख दिसत होती, आणि खूण केल्याबरोबर ती यादीतून गेली. सकाळच्या गोंधळाबद्दल टाचणी यांचे म्हणणे बरोबर निघाले : काल रात्रीचे राहिलेले एक पत्र आज सकाळी 'रात्र' या गटात निमूट बसलेले होते, ते उचलून मी दुपारवर टाकले आणि तारीख आजची केली.